वेलाचा क्रूस आणि काठीचा रंग

दौलततात्या पेंटर. आमच्या गावचे बोर्ड, देवळाचे खांब, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळेच्या भिंतीवरचे पाढे, सगळं रंगवणारा माणूस. त्यांचा मी घात केला. तीन वर्षांपूर्वी, चैत्री जत्रेच्या आधीच्या गुरुवारी, सकाळी डेअरीवर दूध घालायची रांग लागते त्या वेळेला. आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, देवळात, सगळ्यांच्या समोर. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही. ज्यांच्याबरोबर मोर्चे काढले, पोलीस ठाण्यात रात्रभर बसलो, त्यांनाही नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय, आणि तुम्ही कोण हेही मला माहीत नाही. बहुतेक म्हणूनच जमतंय.

मी पत्रकं लिहितो. कॉलेजात असल्यापासून. थोरल्या कार्यकर्त्यांनी शिकवलं आणि मी लवकर शिकलो. मथळा प्रश्नार्थी ठेवायचा, कारण प्रश्नाला कुणी कोर्टात खेचत नाही. फोटो एकच, आणि त्यात माणूस एकटा दिसला पाहिजे. ‘आपण’ कोण आणि ‘ते’ कोण, हे तिसऱ्या ओळीच्या आत कळलं पाहिजे. खाली नाव नको. ‘एक जागरूक ग्रामस्थ’ पुरे. ह्या रीतीनं मी ओढ्यात पोल्ट्रीची घाण टाकणाऱ्यांवर लिहिलं, बंद पडलेल्या एसटीवर लिहिलं, न येणाऱ्या डॉक्टरवर लिहिलं. त्यातलं बरंचसं खरं होतं. बरंचसं — बघा, लगेच हा शब्द आला. दुसऱ्यावर आरोप असता तर मी तो पहिल्या ओळीत करून मोकळा झालो असतो. स्वतःवर करायचा तर हे असं गोल गोल चाललंय.

आधी काठीचं सांगतो. आमच्या ग्रामदैवताची काठी म्हणजे वीस-बावीस फुटांचा सरळ बांबू, टोकाला निशाण. जत्रेत ती नाचवत नेतात. पाडव्याच्या दिवशी ती वाजत-गाजत तात्यांच्या अंगणात येते आणि तात्या तिला शेंदरी रंग देतात. त्यांच्या बापानं दिला, आज्यानं दिला. त्यासाठीचा ब्रश वेगळा, घोड्याच्या केसांचा, वर्षभर फडक्यात गुंडाळून आढ्याला टांगलेला. एकच दंडक. डब्यात उरलेला रंग दुसऱ्या कशालाही लावायचा नाही. दाराला नाही, बैलाच्या शिंगाला नाही. तो देवळामागच्या पिंपळाच्या मुळाशी ओतायचा आणि वर माती लोटायची. त्याबदल्यात तात्यांना काय? जत्रेत काठी उठते तेव्हा पहिला हात त्यांचा. बास. तेवढाच मान. पण त्या एका हातासाठी हा माणूस वर्षभर गावात ताठ चालायचा.

त्या वर्षी पाडव्याला काठीचं दुसरं टोक मी धरलं होतं. रंगवून झाल्यावर तात्यांनी डबा माझ्या हातात दिला. “वत तूच,” म्हणाले. मी ओतला. बोटांना लागलेला शेंदरी रंग दोन दिवस निघाला नाही. एवढं ध्यानात ठेवा. पुढं मी हे विसरणार आहे.

माझं अक्षरही तात्यांचंच. पहिल्या मोर्चाचा फलक मी रंगवला तेव्हा ‘न्याय’ लिहिताना जागाच संपली होती. तात्यांनी तो पुसून पुन्हा आखून दिला. “लेका, न्याय मागायचा तर त्याला जागा तरी ठेव,” म्हणाले. तेव्हापासून रिकाम्या दुपारी मी त्यांच्या ओट्यावर. ओळ कशी मारायची, वेलांटी कुठं वळवायची, लांबून वाचणाऱ्यासाठी काना किती जाड ठेवायचा, सगळं त्यांनी शिकवलं. ज्या हातानं मी पुढं जे लिहिलं, तो त्यांनी वळण लावलेला हात.

पाडव्यानंतर आठवड्याभरानं तात्यांना एक काम आलं. नारायणगाव सोडून खोडदच्या रस्त्याला लागलं की द्राक्षबागांच्या कडेला एक छोटं कौलारू चर्च आहे, दहा-बारा घरांचं. रूथबाई म्हणून रिटायर झालेल्या नर्स तिथली किल्ली सांभाळतात. त्यांना समोरच्या भिंतीवर क्रूस हवा होता, गुड फ्रायडेच्या आत. मला नारायणगावात एक निवेदन द्यायचं होतं, म्हणून मी तात्यांच्या गाडीवर मागं बसलो. आदल्या दिवशी मंचरला रंग आणायलाही मीच बरोबर होतो. दुकानदाराला तात्या म्हणाले, “असा लाल दे, का लाकूड बी वाटंल आन रगात बी.” तो म्हणाला, “तात्या, असला शेड कंपनी काढत नाय. तुमीच काढा.” शेवटी मातकट लाल ऑइलपेंटचा एक लहान डबा घेतला. झाकणावर दुकानाचं चिकट लेबल. काठीचा डबा मोठा असतो आणि रंग शेंदरी. आंधळ्यालाही फरक कळला असता.

चर्चमधल्या बाकावर मी तास-दीड तास बसलो. हे मुद्दाम सांगतोय. नंतर मला कुणी म्हणू शकलं असतं, पोराला ठाऊक नव्हतं, गैरसमज झाला. मला सगळं ठाऊक होतं. तात्यांनी दोन सरळ पट्टे आखले, उभा आणि आडवा, आणि मागं सरून बघत राहिले.

“बाई, ह्याच्यावर माणूस नाय का काढायचा? मंचरात एकाच्या गळ्यात पाह्यला, त्यात व्हता.”

“काहींच्यात असतो,” रूथबाई म्हणाल्या. “त्यानं काय सोसलं ते डोळ्यापुढं राहावं म्हणून. आमच्यात रिकामा ठेवतात. तो उतरला, उठला. तिथंच राहिला असता तर आम्ही कशाला जमलो असतो, तात्या?”

मग त्यांनी सांगितलं, की हे मुळात काही शोभेचं चिन्ह नव्हतं. ही माणूस मारायची रीत होती. गुन्हेगाराला सगळ्यांच्या देखत टांगायची, लोकांनी भ्यावं म्हणून. आणि ज्यांचा माणूस असा मारला, त्यांनीच पुढं तेच लाकूड उराशी धरलं. ज्यानं घाबरवायचं, त्याचीच खूण केली. मला ते आवडलं होतं. एखाद्या पत्रकाला शोभेल असं वाटलं होतं — हो, असंच वाटलं होतं.

तात्यांनी ब्रश पुसत बाहेर पाहिलं. खिडकीबाहेर बागेची खरड छाटणी, उन्हाळ्यातली मोठी कापणी, नुकती झाली होती. लोखंडी अँगलवर पसरलेल्या उघड्या वेलांच्या टोकांतून पाणी ठिपकत होतं. त्यांनी तिकडं बोट केलं. “त्यो अँगल पाहा. उभा एक, आडवा एक. तुमचा क्रूसच की. आमी त्याच्यावर येल चढवतो, मंग कापतो, मंग त्यो रडतो, आन मंग फुटतो. येल काढू का ह्याच्यावर?”

रूथबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या धर्मात येशू स्वतःला द्राक्षाचा वेल म्हणवतो, हे तात्यांना माहीत नव्हतं. कुणी सांगितलेलं नव्हतं. ते नुसतं खिडकीतून बघून तिथं पोचले होते.

त्यांनी वेल काढला. पाच ठिकाणी छाटलेला, पाची ठिकाणी एकेक लाल थेंब, आणि प्रत्येक थेंबाशेजारी, पेटीत उरलेल्या हिरव्यानं, बोटाच्या पेराएवढा फुटवा. पाचच का, असं मीच विचारलं. रूथबाईंनी स्वतःच्या एका तळहातावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या, मग एकेका पावलाकडं दाखवलं, मग बरगडीवर. मी मोबाईल काढला आणि तात्यांचा फोटो घेतला, हातात डबा, मागं क्रूस, शेजारी रूथबाई. चांगला आला.

मग त्यानंतरचा रविवार. माजी सरपंचानं नळयोजनेचे पाइप परस्पर विकले असं गावात बोललं जात होतं. मला ते देवळासमोरच्या भिंतीवर लिहून हवं होतं, मोठ्या अक्षरात, जत्रेच्या गर्दीला दिसेल असं. चहाच्या टपरीसमोर मी तात्यांना म्हणालो, उद्या लिहून टाका. त्यांनी विचारलं, “तू पाह्यलंस का इकताना?” मी म्हणालो, सगळं गाव म्हणतंय. “मंग गावालाच लिवायला लाव,” तात्या म्हणाले. “माझ्या हातून नाय व्हायचं. भित्तीवरलं पुसता येतं, पर वाचलेलं पुसता येत नाय.” टपरीवर सात-आठ जण हसले. एक जण म्हणाला, “साहेब, गुरुजींनी नापास केलं राव तुमाला.”

एवढंच. एवढंच घडलं होतं. तुम्ही काहीतरी मोठं ऐकायला बसला असाल — धर्माचा राग, भडकवणारं कुणी, पक्षाचा आदेश. तसलं काहीच नव्हतं. मला क्रुसाचा राग नव्हता आणि काठीची तेवढी भक्तीही नव्हती. चारचौघांत हसू झालं, ते मला सोसलं नाही. माणसाला मातीत घालायला एवढं पुरतं? मला पुरलं.

बुधवारी दुपारी मी पत्रक लिहिलं. मथळा: काठीचा रंग कुठे गेला? खाली फोटो. रूथबाईंना कापलं. डब्याचं झाकण, मंचरचं लेबल कापलं. वेलाचे फुटवेही मोबाईलवरच पुसले, कारण ते दिसले असते तर कुणालाही कळलं असतं की हे एका शेतकऱ्याच्या डोळ्यानं काढलेलं चित्र आहे. उरलं काय? तात्या, लाल डबा आणि मागचा क्रूस. छापताना रंग जरा पिवळसर केला, म्हणजे लाल शेंदरीकडं झुकला. मजकुरात मी एकही विधान केलं नाही. नुसते प्रश्न. देवाच्या नावानं आणलेला रंग कुठल्या भिंतीवर दिसतो आहे? काठीला हात लावणाऱ्याचा देव कोणता? वेलाच्या आडून आमच्या शेतापर्यंत कोण येतंय? खाली: एक जागरूक ग्रामस्थ.

प्रश्न विचारणं गुन्हा आहे का? हे वाक्य आम्ही सभांमधून टाळ्या घ्यायला वापरायचो. हो, आहे. उत्तर माहीत असताना विचारला तर आहे.

गुरुवारी सकाळी दोनशे प्रती डेअरीच्या कट्ट्यावर, पिठाच्या गिरणीत, एसटीच्या बाकांवर. दुपारपर्यंत फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये. संध्याकाळी तर घाटघरला दिलेल्या माझ्या बहिणीनं मलाच तो पाठवला आणि खाली लिहिलं, “दादा, हे आपले तात्याच ना?” मी नुसता अंगठ्याचा इमोजी टाकला.

शुक्रवारी संध्याकाळी देवळात बैठक बसली. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, जत्रा. त्याच वेळी तिकडं खोडदच्या रस्त्याला रूथबाई आणि दहा-बारा घरं गुड फ्रायडेची प्रार्थना करत होती. तात्यांनी त्यांना कबूल केलं होतं, शुक्रवारी सकाळी येऊन शेवटचा हात मारतो. ते गेले नाहीत. ते इथं, खांबाला टेकून बसले होते.

आधी त्यांनी ते चेष्टेवारी न्यायचं पाहिलं. “आता मी ह्या भित्तीवर मारुती काढला, म्हणून काय ब्रह्मचारी झालो व्हय? ट्रॉलीवर नवरी काढतो, म्हणून रोज लगीन लावतो व्हय?” एरवी देऊळ हसलं असतं. कुणी हसलं नाही. मग कुणीतरी विचारलं, काठीचा उरलेला रंग कुठाय. तात्या म्हणाले, पिंपळाला. साक्षीला कोण होतं, असा लगेच पुढचा प्रश्न.

“मयूरला इचारा. त्यो व्हता संगं. त्यानंच वतला की.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. तात्यांचीही. त्यांची नजर रागाची नव्हती. मला वाटलं, ते साक्षीदाराकडं बघतायत. बिचाऱ्याला काही कळलेलं नाही, असं वाटलं. आणि मी म्हणालो, “तात्या, मला नक्की आठवत नाही.”

पाच शब्द. ज्याची बोटं दोन दिवस शेंदरी होती, तो मी.

तात्या “बरं” म्हणाले. वाद घातला नाही, शपथ घेतली नाही. उठून घरी गेले आणि थोड्या वेळानं फडक्यात गुंडाळलेला तो ब्रश आणून देवळाच्या पायरीवर ठेवला. परत जाताना चप्पल उलटी पडली होती, ती वाकून सरळ केली आणि गेले. दुसऱ्या दिवशी काठी उठली तेव्हा पहिला हात दुसऱ्याच कुणीतरी लावला. ते घरात होते. हलगी त्यांच्या दारावरून गेली. तेव्हापासून काठी मंचरला जाते, तिथं पोरं तिला फवाऱ्यानं रंग मारतात. उरलेल्या रंगाचं काय होतं, कुणी विचारत नाही. मीही त्यावर पत्रक काढलेलं नाही.

तात्या अजून आहेत. भेटले की मी “काय तात्या” म्हणतो, ते “काय मयूर” म्हणतात. आता उजवा हात थरथरतो त्यांचा. काठी उद्या परत आली तरी ब्रश धरवणार नाही. म्हणजे मी जे घेतलं ते परत देण्याजोगंही उरलेलं नाही. ही तीन वर्षं मी आणखी तीसेक पत्रकं लिहिली. लोक म्हणतात, मयूरची लेखणी निर्भीड आहे.

गेल्या महिन्यात एका रस्त्याच्या निवेदनावर सह्या घेत त्या चर्चपाशी पोचलो. टाळता आलं असतं. रूथबाईंनी आत बोलावलं, चहा टाकला. भिंतीवर क्रूस होता, आणि क्रुसावर पांढरा चुना. पण चुन्याचे पापुद्रे सुटले होते. एका ठिकाणी वेलाचं वळण उघडं पडलेलं, दोन थेंब, त्यांच्याशेजारचे दोन हिरवे फुटवे. 

रूथबाई म्हणाल्या, “जत्रा झाल्यावर सोमवारी आले होते तात्या. म्हणाले, तुमाला तरास नको माझ्यापायी, झाकून टाकतो. चुन्याची बादली घेऊनच आले होते.”

ऑइलपेंटवर चुना धरत नाही. हे मला कुणी शिकवलं? तात्यांनीच, त्यांच्या ओट्यावर, पहिल्या आठवड्यात. म्हणजे त्यांना माहीत होतं. त्यांनी असं झाकलं, की ते आपोआप उघडं पडेल, कुणी हात न लावता, एकेक फुटवा करत.

मी पेला खाली ठेवला. रूथबाई मोबाईलमधल्या त्या फोटोबद्दल बोलू लागल्या, अगदी हवापाण्याचं बोलावं तशा. “तुम्ही काढलेला. चांगला आला होता, दादा. त्या दिवशी इथं दुसऱ्या कुणी काढलाच नव्हता, नाही का?”

मी एवढा हुशार. नाव काढलं, लेबल काढलं, बाई काढली. आणि फोटो माझाच लावला. त्या दिवशी त्या खोलीत तीनच माणसं होती.

“तात्यांना —” मी म्हणालो.

“गुरुवारीच कळलं त्यांना. मी विचारलं होतं, गावात सांगत का नाही? म्हणाले, त्याचं त्यो सांगंल.”

म्हणजे शुक्रवारी देवळात ते साक्षीदाराकडं बघत नव्हते. ज्यानं केलं त्याच्याकडं बघत होते. सगळ्या गावासमोर त्यांनी मला जागा करून दिली होती, फलकावर ‘न्याय’ला करून दिली तशी. मी तिथं काय लिहिलं, ते तुम्ही वाचलंत. त्यानंतर तीन वर्षं, प्रत्येक “काय मयूर” म्हणताना ते थांबून होते. मी “काय तात्या” म्हणून पुढं जात होतो.

सह्यांचा कागद घेतला आणि निघालो. रूथबाईंना सांगणंही नाही जमलं. म्हणून हे लिहितोय. बोलायला जी छाती लागते ती माझ्यात नाही, तेवढं आता मला कळलंय. उद्या सकाळी ह्याची पहिली प्रत तात्यांच्या ओट्यावर नेऊन देणार आहे, आणि ते वाचून होईपर्यंत तिथंच उभा राहणार आहे. त्यांनी काय म्हणावं, गावानं काठीचं काय करावं, हे सुचवायला मला तोंड नाही.

तुम्हाला मात्र एक सांगतो. ते पत्रक अजून फिरतंय. जत्रा जवळ आली की दर वर्षी कुणीतरी पुन्हा पाठवतं. तुमच्या मोबाईलमध्ये असेल, गिरणीच्या भिंतीवर चिकटलेलं असेल, कपाटात पसरलेल्या कागदांत असेल. ते काढा. फाडू नका, मिटवू नका. काठीचा रंग पिंपळाला गेला, तो मीच ओतला, हे त्या मथळ्याखाली लिहा. आणि अगदी तळाशी ‘एक जागरूक ग्रामस्थ’ आहे, ते खोडून तिथं माझं नाव घाला — मयूर सोपान. मग ज्यानं तुम्हाला ते पाठवलं, त्याला परत पाठवा.